कडक इस्त्रीचा ॲप्रन

लातुरात जनावरांच्या डॉक्टरकीच्या डिप्लोम्याला आम्हाला जे सर होते, त्यांचा ॲप्रन कायम कडक इस्त्रीचा. चहाच्या टपरीवरही ते तोच घालून, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून उभे राहायचे. आधी ते लातुरातल्याच एका क्लासमध्ये बारावीची बायोलॉजी घ्यायचे. "लिहून घ्या, शंभर टक्के येतंय!" हे तिथलं पालुपद इथंही सुटलं नव्हतं. इंजेक्शन द्यायला त्यांनी आम्हाला रेग्झिनच्या सोफ्यावर शिकवलं. सोफा लाथ मारत नाही, हा त्याचा मोठा गुण.

एकदा शेजारच्या वस्तीतल्या मावशींनी पोट फुगलेली म्हैस थेट कॉलेजच्या दारात आणली. "सायेब, बघा की हो, लई तडफडायलीय!" म्हशीनं नुसती मान झटकली अन् सर जिन्याच्या सातव्या पायरीवर. तिथून ओरडले, "पोटफुगी! लिहून घ्या. लक्षण पहिलं..."

मी निलंग्याकडची, गोठ्यात वाढलेली. वही फेकली, म्हशीच्या तोंडात कडुलिंबाचं दांडकं आडवं बांधलं अन् तिची डावी कूस चोळत राहिले. बऱ्याच वेळानं तिनं मोठी ढेकर दिली आणि पाठोपाठ माझ्या अंगावर शेणाचा सडा घातला. मावशींनी माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. तेव्हा कुठं सर खाली उतरले. मावशींना म्हणाले, "बघितलं? आपला क्लास हाय हा!"

संध्याकाळी जर्नलवर त्या दिवसाचे मार्क पडले. म्हशीचा एकही नव्हता. उलट पाच कापले होते आणि सरांच्या वळणदार अक्षरात शेरा होता : ॲप्रन अस्वच्छ.