पातेल्यातलं प्लायवूड

मटार निम्मे सोलून झाले होते. तेवढ्यात भात टाकावा म्हणून मोठं पातेलं काढायला उठले, तर ते आधीच गॅसवर आणि आत प्लायवूडचे चार तुकडे खदखदताहेत.

"वन्सं, हे काय?"

"रागावू नका वहिनी. उकळल्यावर थर सुटतात का ते बघायचंय, आणि कारखान्यातलं पातेलं गळतंय." एवढं बोलून त्या स्टुलावर बसल्या आणि भिंतीला डोकं टेकलं.

वन्सं म्हणजे यांची धाकटी बहीण. यजमान गेल्यापासून कपाटांचा कारखाना एकटीने ओढताहेत. बोलणं मोजकं, काम चोख. देवापुढे हात जोडतात तेव्हाही नखांत सरस वाळलेला असतो. देवाला चालत असावा, मी कधी टोकत नाही.

यंदा त्यांच्या मागे साडेसाती लागली ती वसतिगृहाच्या कपाटांची. बेसिनखालच्या फळ्या फुगल्या, पापुद्रे सुटले. तिथल्या बाईंनी सगळी कपाटं नव्याने मागितली आणि स्वच्छ सांगितलं, पुन्हा असं झालं तर तुमच्या हातचं कपाट इथे कुणी दारात उभं करणार नाही. वन्संनी मान खाली घालून ऐकून घेतलं. माल मामांचा होता, पण नाव कारखान्याचं गेलं.

हे मामा सख्खे नव्हेत, प्लायवूडचे जुने दुकानदार. यजमान गेले त्या आठवड्यात कारखाना बंद पडू नये म्हणून स्वतः टेम्पोत बसून फळ्या घेऊन आले होते. वन्सं ते विसरलेल्या नाहीत.

तरीही त्यांनी या आठवड्यात बाकीची दुकानं पालथी घातली. दोघांनी चहा पाजला, रंगीत चिठ्ठी डकवलेले गुळगुळीत नमुने हातात ठेवले आणि "नातवंडं वापरतील, ताई" म्हणाले. मामांनी नमुना दिला खरा, पण "आता माझी परीक्षा घेणार का पोरी?" म्हणून तोंड फिरवलं. राहिला गुदामातूनच प्लायवूड विकणारा गुदामवाला. वन्संनी त्याला नमुना मागितलाच नाही. थप्पीच्या मधली फळी ओढायला लावली आणि म्हणाल्या, "हिचा कोपरा कापून हवा." तो पुटपुटला, पण करवत त्यानेच आणली.

"कापा. पण ही कोरड्या जागेची आहे. बेसिनखाली लावाल आणि मला शिव्या द्याल. ओल्या जागेची फळी अजून यायची आहे. आली की तिचाही कोपरा कापून न्या."

असे ते चार तुकडे दुपारभर माझ्या पातेल्यात उकळले. घरभर ओल्या लाकडाचा वास. पाणी चहासारखं झालं. संध्याकाळी देवाजवळ दिवा लावून आले तर तुकडे ताटात निथळत ठेवलेले. नमुने तिन्ही धडधाकट. गुदामवाल्याच्या तुकड्याचे मात्र थर वहीच्या पानांसारखे उलगडलेले.

हे कामावरून आले, ताटात डोकावले. "आज जेवायला हेच का? दात माझे तसेही हलताहेत." मग तुकडे उलटसुलट करून म्हणाले, "पण मामांचा टिकला की! मग घे ना त्यांच्याकडूनच."

"दादा, मामांचा नमुना मागच्या वेळीही टिकला होता. नमुन्याची कपाटं करायची नसतात."

"आणि हा फुटलेला?"

"हा फुटणार हे त्याने आधीच सांगितलं होतं. माल त्याच्याकडूनच घेणार. वसतिगृहाची कपाटं त्याच्या ओल्या जागेच्या फळीची, तीही उकळून बघितल्यावर."

"मग तोंड का एवढंसं केलंयस?"

वन्सं फुटलेल्या तुकड्याचे थर नखाने सोडवू लागल्या. "मामा लबाड नाहीत रे. थकलेत. आता खुर्चीतून उठून आलेला माल बघतसुद्धा नाहीत. कुणी काय उतरवून गेलं त्यांना पत्ता नसतो. आणि त्यांना हे सांगायचं कुणी?"

मला राहवलं नाही. "मी देवाला सांगते वन्सं, तो त्यांची समजूत घालेल."

"देवाला जरूर सांगा वहिनी. पण मामांना मलाच सांगावं लागेल." म्हणाल्या आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा जराशा हसल्या. "फोनवर नको. टेम्पोत बसून आलेल्या माणसाला फोनवर कसं सांगू?"

ते पातेलं मी कारखान्याला देऊन टाकलं, घासूनही त्याचा वास जाईना. उरलेले मटार आम्ही दोघींनी सोलले. वन्संचे हात मध्येच थांबत होते.

उद्या सकाळी त्या मामांच्या दुकानात जाणार आहेत, यापुढे तुमच्याकडून माल घेणार नाही हे सांगायला.