‘नको’ म्हणायला शिकवणारं पाळणाघर

आल्मेरेच्या पाळणाघराचे किस्से आमच्याकडे खरकट्या भांड्यांसारखे साठायचे. एक घासून होईतो सिंकमध्ये चार नवीन! माझी इरा आणि माझ्या मैत्रिणीचा, मंजिरीचा ओजस एकाच गटात. त्यांना सोडून आम्ही दोघी अ‍ॅमस्टरडॅमची ट्रेन पकडायचो आणि ऑफिस येईपर्यंत नुसत्या चरफडायचो.

*

पहिल्याच दिवशी गटाच्या ताईनं, इनेकेनं, आम्हाला बसवून पाळणाघराची मूल्यं समजावली. "आम्ही प्रत्येक मुलाला स्वतंत्र व्यक्ती मानतो."

इरा तेव्हा दीड वर्षाची होती. स्वतंत्र व्यक्तीला स्वतःची चड्डीही वर ओढता येत नव्हती!

*

दुपारच्या जेवणाला गार ब्रेड, त्यावर चीज. मी आपली डब्यात वरणभात देऊन आले. संध्याकाळी डबा जसाच्या तसा परत!

"इथे सगळी मुलं एकच जेवतात," इनेके म्हणाली.

"मग हिनं ब्रेड खाल्ला?"

"नाही."

"मग भरवला का नाही?"

इनेके माझ्याकडे बघतच राहिली. "पण ती नको म्हणाली!"

अहो, म्हणणारच! आमच्याकडे ‘नको’पासूनच तर जेवण सुरू होतं.

*

मंजिरी एकदा ऑफिसातून लवकर सुटली आणि बघते तर काय, ओजस अंगणात, लाकडी जाळीच्या पेटीत गाढ झोपलेला. ऐन नोव्हेंबरात!

"ताजी हवा," इनेके म्हणाली. "धोरण आहे आमचं."

"आमच्याकडे असं कोंबड्यांना ठेवतात!" मंजिरी मराठीतच कडाडली. ओजस तेवढ्यानं जागा झाला आणि घरी जायचं नाही म्हणून भोकाड पसरून बसला.

*

इकडे रोज संध्याकाळी पुण्याहून सासूबाईंचा फोन. पहिला प्रश्न, "पोर जेवली का?"

मी ठोकून द्यायची, "हो आई, पोटभर."

त्यांना ते खरं वाटायचं नाही. "परक्या बायकांच्या हाती लेकरू देऊन कसली गं नोकरी? सोड ती." मला माझी नोकरी आवडायची. पण हे त्यांना सांगायला माझी जीभ रेटायची नाही. समीर, माझा नवरा, नेमका अशा वेळी सायकलची चेन बघायला खाली जायचा. त्या चेनला कधी काही झालेलं नव्हतं!

*

मग आलं भांडणाचं धोरण. मोठ्यांनी लगेच मध्ये पडायचं नाही. मुलानं हात पुढे करायचा आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघून म्हणायचं, "स्टॉप! मला हे आवडत नाही."

ओजस इराला चावला. इनेके कौतुकानं सांगते, "इरा किती छान स्टॉप म्हणाली!"

"आणि तो थांबला?"

"नंतर."

दंडावर दातांची अख्खी रांग उमटलेली! संताप संताप झाला माझा.

त्याच रात्री मी चमचा घेऊन मागे धावतेय, तर इरा वळली आणि हात पुढे. "स्टॉप!" माझीच लेक यांनी माझ्यावर उलटवली होती!

*

उन्हाळ्यात सासूबाई स्वतः आल्या. पहिल्याच रविवारी सगळे जेवायला बसलो होतो.

"हाडं दिसतायत पोरीची," त्या म्हणाल्या. "बास झालं आता. उद्या राजीनामा देऊन ये."

मी ताटात बघत राहिले.

"नुसतं ऐकून घेतेस, करत काही नाहीस. आज मला शब्द हवा. बोल, देतेस ना?"

डोळे भरून आले.

इरा खुर्चीवरून उतरली. आमच्या दोघींच्या मध्ये येऊन उभी राहिली आणि वरणानं बरबटलेला हात तिनं आजीसमोर धरला.

"स्टॉप! आईला हे आवडत नाही."

सासूबाईंनी लेकाकडे पाहिलं. समीर उठला. "मी जरा सायकलची चेन..."

इरानं हात त्याच्याकडे वळवला.

"स्टॉप!"

समीर बसला.