गुलाबी दात

"मॅडम, कॅन्सर हाय का ते आधी सांगा. बाकीचं मागनं."

माझ्या दातांच्या दवाखान्यातल्या खुर्चीत अण्णा होते, पारनेर तालुक्यातले पुढारी. वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी फोटो मोठा केला, तेव्हा फ्लेक्सवाल्याला त्यांचा पुढचा दात गुलाबी दिसला. कार्यकर्त्यांना दिसला नव्हता. त्यांना अण्णांमध्ये कधीच खोट दिसत नाही.

अण्णांचे थोरले भाऊ तोंडाच्या कॅन्सरने गेले होते. खुर्चीचे हात अण्णांनी घट्ट धरले होते.

"दुखतं का?"

"न्हाई. त्याचंच तर भ्या वाटतंय."

"कधी मार लागला होता का?"

"गाईनं शिंग मारलं हुतं. लई वर्सं झाली. दात हालला, मंग बसला."

एक्स-रे काढला. दाताच्या मुळात बारीक नळी असते, तिच्यात नस. अण्णांच्या दातात ती मध्येच फुग्यासारखी फुगली होती. याला रिसॉर्प्शन म्हणतात. मार लागलेला दात कधीकधी आतून झिजत जातो. गुलाबी रंग आतल्या रक्ताचा.

"कॅन्सर नाही. पण दात आतून खाल्ला जातोय."

"कोन खातंय?"

"तुमच्याच शरीरातल्या पेशी."

"म्हंजे घरचाच मानूस. राजकारणात तसंच हाय."

अण्णा हसले. आता घाबरायची पाळी माझी होती. मुळाची भिंत आरपार फुटली असेल, तर दात वाचणं अवघड. नगरला पाठवून स्कॅन करून घेतला. भिंत अखंड होती, पण एका बाजूला कागदाएवढी पातळ.

रूट कॅनाल सुरू केलं. दात उघडताच रक्त आलं. पहिला कापूस भिजला, दुसरा भिजला. नस काढायची सुई मुळाच्या भिंतीतून बाहेर गेली, असंच वाटलं. हात थांबला. आ वासलेले अण्णा माझ्या डोळ्यांत बघत होते. मी सुईची लांबी पुन्हा मोजली. बरोबर होती. म्हणजे रक्त जिवंत नसेचंच. धीर करून टोकापर्यंत नस काढली आणि रक्त थांबलं. नस गेली की त्या पेशींची रसद तुटते.

दोन आठवडे आत कॅल्शियमचं औषध ठेवलं. मग गटापर्चा, म्हणजे रबरासारखा पदार्थ, गरम करून त्या फुगलेल्या पोकळीत दाबून भरला.

सहा महिन्यांनी अण्णा एकटेच आले. एक्स-रेत पोकळी वाढलेली नव्हती.

"आता टिकंल ना? गॅरंटी?"

"गॅरंटी नाही. दर वर्षी एक्स-रे."

"आमी तर देतो बुवा गॅरंटी," म्हणत अण्णा उठले.

मार लागलेला दात दुखायचा थांबला, की लोक त्याला बरा झाला म्हणतात. दाताला ते मान्य असेलच असं नाही. एक्स-रे काढून त्यालाच विचारावं.