गोलात बसलेले पाहुणे

ऑस्ट्रेलियन फुटबॉल भडगावात आला तो आमच्या क्रीडाशिक्षकांच्या मोबाइलमधून. अंडाकृती चेंडू, हातात घेऊन पळायचं आणि पायानं मारायचं. सरांनी मुलींचा संघ उभा केला आणि माझ्या वडिलांना, म्हणजे नानांना, पटवताना एकच मुद्दा मांडला: कबड्डीत राज्याच्या संघात शिरायला गर्दी फार, इथं मुलीच नाहीत. नानांना तो पटला. पण कापूस वेचणीच्या दिवसांत घरातले दोन हात मैदानावर जाणार, म्हणून त्यांनी अट घातली. युवतींच्या अजिंक्यपद सामन्यातून राज्याच्या संघात नाव आलं तर पुढे खेळायचं, नाही आलं तर खेळ बंद. मला तो खेळ इतका आवडायला लागला होता की अट ऐकल्यापासून घास गोड लागेना.

सामना आमच्याच गावात, धुळ्याच्या मुलींशी. या खेळात दोन्ही टोकांना चार-चार खांब एका रांगेत रोवतात. मधल्या दोघांमधून चेंडू मारला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. खांब नानांनीच दिले. केळीला टेकू द्यायचे बांबू, त्यातले लांबातले लांब निवडून. आदल्या दिवशी आम्ही ते रोवले. सकाळी मंडपवाला आला. चार बांबू एका ओळीत उभे दिसल्यावर खान्देशातला कुठलाही मंडपवाला जे करील तेच त्यानं केलं. वर झालर बांधली, तोरण लावलं आणि मधल्या दोन बांबूंच्या मागे सोफे मांडले. आम्ही पोचलो तेव्हा प्रमुख पाहुणे टेकले होते. टेकलेल्या पाहुण्याला 'जरा उठता का' म्हणायची आमच्याकडे कुणाची छाती नाही.

मग सत्कार. दोरी देणाऱ्याचा, पाण्याचा टँकर देणाऱ्याचा, बांबू दिले म्हणून नानांचा. नानांच्या डोक्यावर फेटा चढला आणि त्यांनाही सोफ्यावर बसवलं, नेमकं मधोमध. या खेळाचे चार भाग असतात आणि दर भागानंतर टोकं बदलतात. भाषणांनी तीन भाग खाल्ले. उरलेल्या एका भागात टोकं बदलायचा प्रश्नच नव्हता, आणि गुण करायला पाहुण्यांचं टोक आमच्या वाट्याला आलं.

"मधून मारू नका गं," सर कानाशी येऊन म्हणाले. "पाहुणे बसलेत. बाजूनं मारा."

म्हणजे धुळ्याच्या मुलींना सहा-सहा आणि आम्हाला पाहुणचारापायी एकेक. मला सगळ्यांचाच संताप आला होता, झालरीचासुद्धा.

सामना संपता संपता लांबून आलेला चेंडू मी हवेतच झेलला. असा झेल घेतला की सगळे थांबतात आणि तुम्हाला निवांत एक किक मिळते. सहा मिळाले तर सामना आमचा. समोर फेट्यांची रांग आणि मध्ये माझा बाप. मी मुकाट्यानं बाजूच्या फटीकडे वळले. तेवढ्यात नाना ओरडले.

"बाजूले काय मारी राह्यनी व? मझार मार! आम्ही खाले वाकतस!"

आणि खरंच वाकले. शेजारी प्रमुख पाहुणे होते, त्यांचीही मान धरून वाकवली. मी मारली. चेंडू झालरीखालून, वाकलेल्या फेट्यांवरून आरपार गेला. पंचांनी आधी पाहुण्यांकडे पाहिलं, मग सहा दिले. मी वेड्यासारखी नाचले.

निवड समितीचे दोघे मात्र मैदानावर नव्हतेच. भरीत गरम आहे तोवर जेवून घ्या, म्हणून यजमानांनी त्यांना उचलून नेलं होतं. ढेकर देत परतले आणि नाव जाहीर केलं. आमच्यातून निवडली गेली ती स्वागतगीत म्हणणारी. ती राखीव होती, चेंडूला तिचा पायही लागला नव्हता. पण समितीनं डोळे भरून पाहिलेली खेळाडू ती एकटीच.

घरी जाताना मोटारसायकलवर मागे बसून मी रडत होते. शेवटी मीच म्हटलं, "नाना, उद्यापासून येते मी वेचायला."

 नाना गाडी न थांबवता, मागे न बघता म्हणाले, "कापूस आम्ही येची लेसूत. त्यास्नी देखं नही, पन मी देखं ना. अट ऱ्हाऊ दे. खेय तू."