फाटकावरचा मागोहेई

आमच्या धन्यांना किल्ला कधी नव्हताच. जहागीर एवढीशी, तिचा कारभार मातीच्या भिंतीआडच्या कचेरीतून चालायचा. त्या कचेरीच्या फाटकावर मागोहेई होता, त्याच्याआधी त्याचा बाप. बायको तरुणपणीच गेलेली, मूलबाळ नाही. फाटकाला लागून असलेल्या खोलीत तो एकटा राहायचा.

मग सगळ्या जहागिऱ्या खालसा झाल्या. धनी तोक्योला गेले, मागोमाग कारकून, शिपाई, त्यांची बिऱ्हाडं. मागोहेईला कुणी जा म्हटलं नाही, राहा असंही म्हटलं नाही. तो सकाळी फाटक उघडायचा, संध्याकाळी लावायचा. माझी आई ओतोसे तोफू विकायला त्याच वाटेनं जायची. तिनं एकदा थट्टेनं विचारलं, "काका, आत चोरून न्यायला उरलंय तरी काय?"

"उघडं टाकलं तर लोक म्हणतील, इथं कुणीच नाही," तो म्हणाला.

पुढल्या वसंतात लिलाव झाला. कौलं, खांब, चटयासुद्धा गाड्यांवर चढल्या. मोठ्या दालनाचं लाकूड साके गाळणाऱ्यानं नेलं. फाटक गावाबाहेरच्या मठानं घेऊन आपल्या दाराशी उभं केलं. मागोहेईची खोली पाडली, तेव्हा मठाचे महाराज त्याला म्हणाले, तूही ये, चुलीजवळ कोपरा आहे.

मठात पहिल्याच संध्याकाळी त्यानं सवयीनं फाटक लावून अडसर घातला. त्यानंतर वरच्या वाडीचा एक म्हातारा बायको वारल्याची वर्दी घेऊन आला. समोर धन्यांचं फाटक, तेही बंद. ते ठोठावायची छाती त्याची जन्मात झाली नव्हती. तो थंडीत तसाच बसून राहिला. उजाडल्यावर मागोहेईनं अडसर काढला, तर हा पायरीशी, ओठ निळे पडलेले.

महाराज रागावले नाहीत. "मागोहेई, इथं फाटक लावत नाहीत," एवढंच म्हणाले.

"मग मी काय करू?"

"येईल त्याला चहा दे."

त्या दिवशी चितेची लाकडं मागोहेईनंच वाडीवर वाहून नेली. पुढं तो चहा देऊ लागला. लोक दोन्ही हातांनी पेला घ्यायचे, मान लववायचे आणि आत जायचे. त्याच्यापाशी कुणी थांबत नसे.

कचेरीच्या जागेवर रेशीमकिड्यांसाठी तुती लावली होती. मागोहेई अधूनमधून तिथं जाऊन कडेला उभा राहायचा. पानं खुडायला गेलेल्या आईनं एकदा हाक मारली, "काका, बाहेर का? आत या की."

तो जरा घुटमळला. म्हणाला, "कुठून येऊ?"

चहूकडून मोकळंच होतं. बांधावर येऊन आईनं आपल्या डब्यातला भाताचा गोळा मोडून अर्धा त्याला दिला. दोघांनी तिथंच बसून खाल्ला. पुढच्या थंडीत तो खोकल्यानं गेला. धन्यांकडं कळवावं असं महाराजांच्या मनात होतं, पण तोक्योतला पत्ता गावात कुणालाच ठाऊक नव्हता.