इंदूबाईंच्या तारखा

कोल्हारच्या वाचनालयाबाहेर फळ्यावर रोजचा दिनविशेष लिहायचे शामकांत गुरुजी, पण तारखा सगळ्या त्यांच्या बायकोच्या, इंदूबाईंच्या. गुरुजी चित्रकलेचे शिक्षक, अक्षर देखणं. बाई इतिहास शिकवायच्या. निवृत्तीनंतरही रोज सकाळी बाई खुर्चीत बसून सांगायच्या, गुरुजी उभ्याने लिहायचे. पुस्तक उघडायची वेळ कधी आली नाही. एक मे आला की बाई बजावायच्या, राज्याची स्थापना शेंबडं पोरही सांगेल. बासष्टला याच दिवशी जिल्हा परिषदा आल्या, एक्याऐंशीला जालना आणि सिंधुदुर्ग जिल्हे झाले, तेही लिहा.

तीन वर्षांपूर्वी अकरा डिसेंबरला त्यांनी कोयनेच्या भूकंपाचं साल सत्तावन्न सांगितलं. गुरुजींनी तसंच लिहिलं. दुपारी वाचनालयाचा शिपाई सहादेव घरी आला आणि चाचरत म्हणाला, "गुरुजी, सदुसष्ट हुतं ना ते?"

गुरुजींनी जाऊन आकडा पुसला. बाईंना कळू दिलं नाही. पुढे नगरच्या डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला. आधी तारखा गेल्या, मग शेजारीपाजारी, मग पुण्यातला मुलगा अनीश.

यंदाच्या एक मेला गुरुजींनी एकट्यानेच फळा लिहिला. बासष्ट, एक्याऐंशी, काही गाळलं नाही. झेंडावंदन झाल्यावर बाईंना हाताला धरून तिथे आणलं. त्यांनी एकेक ओळ मोठ्याने वाचली, वर्गात वाचावी तशी.

"अक्षर छान आहे," बाई म्हणाल्या.

"माझंच आहे, इंदू."

बाईंनी हात सोडवून घेतला, पदर सावरला. "मला असं एकेरी बोलू नका. आमचे हे येतीलच एवढ्यात. त्यांना तारखा सांगायच्यात."

सहादेवने खुर्ची आणून दिली. बाई रस्त्याकडे डोळे लावून तासभर बसल्या. गुरुजी दोन पावलांवर उभे राहिले. ऊन तापलं, तेव्हा ते पुढे झाले.

"बाई, त्यांचा निरोप आलाय. तुम्हाला घरी पोचवायला सांगितलंय."

बाई लगेच उठल्या. वाटभर अंतर राखून चालल्या. घर आल्यावर उंबऱ्यातूनच त्यांनी गुरुजींना नमस्कार केला, त्रास दिला म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

गुरुजी क्षणभर अंगणात थांबले. मग मागच्या दाराने आत गेले आणि दोघांसाठी चहाचं आधण ठेवलं.