दुधाच्या दिवसांत घेतलेलं माप

डॉक्टर म्हणाले, "बाई, कॅन्सर आहे." नेमकं तेव्हाच मांडीवरची लेक दूध मागायला लागली. मी पदर ओढून तिला जवळ घेतलं. डॉक्टरांनी मान खाली घातली आणि हळू आवाजात म्हणाले, "आता हिचं अंगावरचं बंद करावं लागेल."

मी चौथी शिकलेली. माहेर किनवटकडं. मालक जालन्याला कापसाच्या जिनिंगात लागले म्हणून इकडं आलेली. उजव्या बाजूला गाठ लागली तेव्हा वाटलं, दुधाची गाठ असंल. शेक दिला, लेप लावले. दुखत न्हवतं, म्हणून सगळं बराबर आहे असं धरून चालले. त्यात चार महिने गेले. बायांनो, दुखत न्हाई म्हणून घरी बसू नका.

मंग बायोप्सी केली, म्हणजे गाठीचा तुकडा काढून औरंगाबादला तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत बारा दिवस रोज दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसत होते. रोज यायची गरज न्हाई असं सांगितलं होतं, तरी जायची.

त्यानंतर मॅस्टेक्टॉमी झाली, म्हणजे उजवी छाती सगळीच काढली. शुद्धीवर आले तेव्हा डावी बाजू दुधानं ठणकत होती आणि लेक घरी शेजारणीकडं वाटीनं दूध पीत होती.

माझी थोरली बहीण बाळंतपणात गेल्ती. त्याला दोनच वर्षं झाली होती. म्हणून आईला मी कार्डावर एवढंच लिहिलं, फोड आल्ता, कापला, आता बरं आहे. तिनं उलट टपालानं कळवलं, येते नातीला बघायला. झालं, माझ्या जिवाला घोर लागला. आईला कळू द्यायचं न्हाई, मला दुसरं काही सुचत न्हवतं.

सिस्टरनं प्रोस्थेसिसचं सांगितलं. म्हणजे चोळीत ठेवायची कापडाची छाती. दवाखान्याचा शिंपी शिवून द्यायचा. तीन मापं होती. नुसता कापूस भरला तर हलकी होऊन वर सरकते, म्हणून आत मोहरी भरायची. मी लेकीच्या डोक्याखालची मोहरीची उशी मागवून घेतली. आता तिची मान धरली होती, उशीवाचून चालत होतं.

सिस्टर म्हणाली, "ताई, घाई करू नका. दुसरी बाजू दुधानं भरलेली आहे. महिन्यानं माप घेऊ."

"आई येनार हाय, कवाबी यील. मला आत्ताच पायजे."

"माप चुकेल."

"चुकू द्या."

शेजारच्या खाटेवर पोटाचं ऑपरेशन झालेल्या आपा होत्या. त्या म्हणाल्या, "बडीच लेव गे. कंजूसी कायकू?" आम्ही दोघी हसलो आणि दोघींचे टाके दुखले. मी सगळ्यात मोठी घेतली.

पाच आठवड्यांनी आई आली. तोवर दूध आटलं होतं. डावी बाजू रिकाम्या पिशवीसारखी झाली होती आणि उजवी होती तश्शी भरलेली. दोन्ही सारख्या दिसाव्यात म्हणून मी डावीकडं लेकीचे लंगोट घडी करून ठेवले. आईनं गळ्यात घेतलं तर मी अंग चोरलं.

दुसऱ्या दिवशी लेक झोपेतून उठली आणि माझ्या मांडीवर येऊन उजवीकडंच तोंड लावायला लागली. चोळीवरून चाचपायला लागली. आत मोहरी कुरकुर वाजली.

आईचा निवडता हात सुपात थांबला. "शेवंते, छातीत काय ठिवलंस?"

मी दार लावलं आणि चोळी काढली.

आई रडली न्हाई. व्रणावरून एकदा हात फिरवला. सुई-दोरा मागितला. पॅडची शिवण उसवली आणि ताटात मोहरी काढायला लागली. बाळंतिणीला तेल लावताना हात ठेवावा तसा डावीकडं हात ठेवून बघायची, मंग एक मूठ काढायची. दोन मुठी झाल्या. तिसऱ्या वेळी मी तिचं मनगट धरलं.

"राहू दे, आई."

"दूध गेलं, बाळा. आता एवढंच हाय."

मी हात सोडला. तिनं तिसरी मूठ काढली.

निघालेली मोहरी तिनं परत उशीत शिवली. त्या राती लेकीला एवढीशी उशी पुरत न्हवती, तरी तिनं डोकं ठेवलं.

डॉक्टरांचे, सिस्टरचे, आपांचे माझ्यावर उपकार आहेत. मी अजून तपासणीला जाते. तुमच्यावर ही वेळ आली तर माप दूध आटल्यावरच द्या. आणि आईला आधी सांगा. मी तिला वाचवायला गेले आणि पाच आठवडे एकटीच रडले.

परत जाताना स्टेशनावर आईनं पदराआडून माझ्या उजव्या बाजूला हात लावला. "बसलं का बराबर?"

"बसलं," मी म्हणाले.

ते खरं व्हायला अजून एक वरीस लागलं.